स्थलांतराचा निर्णय आणि जोखीम

गाव सोडायचे की नाही हे ठरवताना व्यक्ती वा कुटुंब उत्पन्नातील चढउतार व अनोळखी मुलखातील अनिश्चितता कशी तोलते, याचा विचार या विषयात होतो. ज्याची शक्यता मोजता येते ती जोखीम आणि जिथे ती मोजता येत नाही ती अनिश्चितता, असा भेद अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये केला. स्थलांतरावरील लेखनात तो काटेकोरपणे पाळलेला दिसत नाही.

हॅरिस-टोडारो प्रतिमान (१९७०) शहरातील मजुरीला काम मिळण्याच्या शक्यतेने गुणून गावच्या उत्पन्नाशी तुलना करते. जोखमीची धास्ती त्यात धरलेली नाही. अर्थतज्ज्ञ ओडेड स्टार्क व सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात व्यक्तीऐवजी कुटुंबाला निर्णयाचा कर्ता मानले. एकाला बाहेर पाठवणे हा त्यांच्या मते बेभरवशाच्या शेतीचा विमाच होय. रोझेनझ्वाइग व स्टार्क (१९८९) यांनी इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या भारतातील ग्रामपाहणीवरून मुली दूरच्या गावी देण्यालाही हाच अर्थ लावला, कारण एका शिवारात पाऊस हुकला तरी सोयऱ्यांच्या शिवारात तो पडलेला असू शकतो. या पाहणीत सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील गावेही होती. उलट, जर्मनीतील एका अभ्यासात (२०१०) धोका पत्करणारी माणसेच अधिक स्थलांतर करतात असे आढळले. धाडस व्यक्तीचे आणि सावधपणा घराचा, असे मानल्यास दोन्ही मते एकत्र नांदू शकतात. मात्र हातावर पोट असलेल्यांच्या बाबतीत कुटुंबाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. बांगलादेशातील रंगपूर भागात २००८ मध्ये एका प्रयोगात प्रवासखर्चासाठी सहाशे टाका (बांगलादेशी चलन) मिळताच अनेक घरांतून माणूस हंगामी कामाला बाहेर पडला; अडसर मजुरीचा नसून फेरी वाया गेल्यास घरात उपासमार होईल या भीतीचा होता, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतरात हा अडसर दूर करण्याचे काम उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेली रक्कम, करते. ही पद्धत केव्हा रुजली याबद्दल एकवाक्यता नाही. सहकारी साखर कारखानदारीच्या विस्ताराबरोबर ती वाढली आणि १९७२च्या दुष्काळाने तिला जोर आला, असे सामान्यतः मानले जाते. गळीत हंगामापूर्वीच मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार, ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, ठोक रक्कम देतो आणि पुढे तोडलेल्या टनांच्या हिशेबातून ती वळती होते. पाऊस येवो न येवो, पैसा आधीच हाती पडतो. घराच्या दृष्टीने निर्णय तिथेच होतो. जोखीम मात्र नाहीशी होत नाही. आजारपणाने काम बुडाले की ‘खाडा’, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कापला जातो, हंगाम आखडला तर उचल फिटत नाही आणि उरलेली बाकी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पाडते. टोळी मध्येच निघून गेल्यास बुडणारी रक्कम मुकादमाच्या अंगावर येते, म्हणून तोही सहसा नात्यातली व ओळखीतली माणसेच जोडतो.