सोलापुरात एजंटमार्फत घर घेताना-विकताना: आधी एजंटचे कागद, मग घराचे

सोलापुरात घराचा एजंट कोण असेल याचा काही नेम नाही. होटगी रोडला काचेचं ऑफिस टाकून बसलेला असतो, तसा रोज सकाळी फिरायला भेटणारा निवृत्त मास्तरही असतो. "आपल्याकडं एक पार्टी आहे बघा," एवढं म्हटलं की माणूस एजंट झाला. त्यातले बरेच जण सरळ असतात आणि गल्लीची खडान्‌खडा माहिती त्यांच्याइतकी कुणाला नसते. पण ते घर दाखवतात, गिऱ्हाईक आणतात, भाव जुळवतात. कागद बघणं हे आपलं आणि आपल्या वकिलाचं काम. हे विसरलं की इसार, म्हणजे बयाण्याची रक्कम, देऊन झाल्यावर पळापळ सुरू होते.

एजंटची नोंदणी कशी बघायची

स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटला स्वतःचीही नोंदणी करावी लागते. प्रकल्पाचा नंबर इंग्रजी 'पी' अक्षराने सुरू होतो, एजंटचा 'ए'ने. एजंटच्या कार्डावर, जाहिरातीत तो नंबर असायलाच हवा. नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मुदत संपलेली नाही ना, एवढं बघून घ्या. फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. अलीकडे नोंदणीसाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते. ते प्रमाणपत्र मागायला लाजायचं कारण नाही. बिगरनोंदणी धंदा करणाऱ्याला दिवसाला १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

आता यातली पळवाट. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. जुन्या घराच्या फेरविक्रीलाही ती नाही. पेठेतला वाडा, जुळे सोलापुरातला वीस वर्षांपूर्वीचा बंगला, सहा फ्लॅटची छोटी इमारत, हे सगळं त्यात बसतं. म्हणजे एजंटकडे नंबर नसला तरी तो लबाड ठरत नाही. फक्त तक्रार घेऊन महारेराकडे जाण्याचा रस्ता तिथे मिळत नाही, तेव्हा कागद दुप्पट डोळे उघडून बघायचे.

ज्यांना स्वतःलाच एजंट व्हायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात: अर्ज ऑनलाइन, एकट्या माणसाला फी १०,००० रुपये, कंपनी किंवा भागीदारीला १ लाख. पॅन, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आयकर विवरणपत्रं आणि परीक्षेचं प्रमाणपत्र तयार ठेवा.

दलाली

कायद्याने दर ठरवलेला नाही. बोलणी साधारण एक-दोन टक्क्यांवर होते, आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंकडून. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "तुम्ही समोरच्याकडूनही घेणार का?" घेत असेल तर हरकत नाही, पण मग भावाच्या वेळी तो आपल्या एकट्याचा माणूस नाही हे डोक्यात ठेवून बोला. किती टक्के, कशावर, कधी द्यायचे, व्यवहार मोडला तर काय, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. दलाली खरेदीखत नोंदल्याच्या दिवशी, हे माझं मत. इसाराच्या दिवशी सगळी दिली की पुढच्या कामाला एजंटचा फोन हमखास 'व्यस्त' लागतो. तो जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्के वर धरा, आणि पावती घ्या.

इसाराआधीचे कागद

आमच्या मामांनी साखर पेठेतलं आजोळचं घर विकायला काढलं तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाईक ठरलं, भाव ठरला, पेढेसुद्धा वाटून झाले. मग वकिलाने मालमत्ता पत्रक (शहरातल्या जागेचा मालकी उतारा) काढलं, तर त्यावर आजोबांचंच नाव. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली. वारस सात, त्यात एक मावशी विजापूरला, आणि तिची नाराजी जुनी. एजंट पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "नावाचं काय, नंतर बघू." ते 'नंतर' आठ महिने चाललं. घेणारे बिचारे भाड्याच्या खोलीत थांबले आणि शेवटी दुसरीकडे गेले.

म्हणून विकणाऱ्यांनी जाहिरात करण्याआधीच नोंदी लावून घ्याव्यात. मालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची नोंद हवी. बहिणींची नावं आधी घाला, नंतर त्यांच्या दारी सह्यांसाठी जाणं फार जड जातं. मुलगा पुण्याला किंवा परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद, लागेल. घेणाऱ्याने ते देणारा हयात आहे का आणि ते रद्द झालेलं नाही ना, हे त्या माणसाशी थेट व्हिडिओ कॉलवर बोलूनच बघावं.

घेणाऱ्याने काय मागायचं ते भागावर अवलंबून आहे. गावठाणात, पेठांमध्ये नगर भूमापनचं मालमत्ता पत्रक. १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या बाळे, शेळगी, मजरेवाडी अशा भागांत बऱ्याच ठिकाणी अजून सातबारा चालतो, तिथे सातबारा, बिगरशेती आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना असतो, एजंट सहसा तिथे बोट ठेवत नाही. बँकेचा बोजा, कुणाचा हक्क, कूळ, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथे येऊन बसतं. भोगवटादार वर्ग २ (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असं लिहिलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेला, प्लॉट स्वस्त मिळतो, म्हणूनच आपले लोक त्यात अडकतात. शंभराच्या स्टँपवरचा नोटरी केलेला कागद म्हणजे मालकी नव्हे, मग तो कितीही हात फिरून आलेला असो. गुंठेवारी नियमित झाल्याचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा.

याशिवाय मागची सगळी खरेदीखतं, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), महापालिकेची कर भरल्याची पावती, वीजबिल, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत. जुन्या वाड्यात भाडेकरू आहे का हे दुपारी एकटं जाऊन बघा, एजंटसोबत गेल्यावर भाडेकरू 'पाहुणा' होतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्यालाही सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघता येते. २०१३ पासून बँकेकडे मूळ कागद ठेवून काढलेल्या कर्जाची नोटीसही निबंधकाकडे दाखल करावी लागते, त्यामुळे लपवलेलं कर्ज बऱ्याचदा तिथे सापडतं.

मापाचंही बघा. एजंट 'अकराशेचा टू बीएचके' म्हणतो ते बहुधा जिना-लॉबी धरून. कागदावर चौरस मीटर असतात, त्यांना १०.७६४ ने गुणून चौरस फूट काढा आणि चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, भाव काढा. आकडा ऐकून घाम फुटतो, पण तो इसाराआधी फुटलेला बरा.

इसार आणि साठेखत

"दुसरी पार्टी पैसे घेऊन बसलीय" हे वाक्य ऐकलं की घाई करायची नाही. इसार चेकने किंवा ऑनलाइन, मालकाच्या खात्यात, एजंटच्या नाही. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेता येत नाही, ती रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. इसारपावतीत चतुःसीमा, एकूण किंमत, मुदत आणि 'कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकीत दोष निघाल्यास रक्कम परत' ही ओळ हवीच. बिल्डरकडून घेत असाल तर साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदवल्याशिवाय त्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही.

खर्च आणि नोंदणी

सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि अधिभार १ टक्का, मिळून ६. खरेदीची किंमत आणि रेडीरेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर, यात जे जास्त त्यावर. १ एप्रिल २०२५ ला रेडीरेकनर वाढले तेव्हा राज्यातल्या महापालिकांत सर्वांत मोठी वाढ सोलापूरच्याच वाट्याला आली, १०.१७ टक्के. त्यामुळे त्याआधीच्या हिशोबावर विसंबू नका.

समजा भाव ४० लाख ठरला आणि रेडीरेकनरने ४३ लाख निघाले. शुल्क ४३ वर, म्हणजे २,५८,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. हेच घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, ४३,००० वाचतात. नवराबायको दोघांच्या नावावर ही सूट नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी वेगळा: ४५ लाखांपर्यंत आणि सोलापुरात ९० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंत १ टक्का, त्याहून जास्त असेल तर ५ टक्के. भोगवटा मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावे आगाऊ आयकर, कापून भरायचा. विकणाऱ्याने भांडवली नफ्याचा हिशोब आधीच सीएकडून करून घ्यावा.

चलन ग्रास या सरकारी संकेतस्थळावर भरायचं, दस्ताची माहिती ऑनलाइन नोंदवायची, वेळ घ्यायची, मग मूळ कागद, पॅन, आधार आणि दोन साक्षीदार घेऊन दुय्यम निबंधकांकडे. फोटो आणि अंगठा होतो. गर्दीच्या दिवशी अख्खा दिवस जातो, घरच्या म्हाताऱ्यांसाठी पाणी आणि गोळ्या बरोबर असू द्या. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो. आणि हे ध्यानात असू द्या की निबंधक दस्त नोंदवतात, विकणारा खरा मालक आहे की नाही हे तपासत बसत नाहीत.

दस्त हातात आला की सूची दोनची प्रत घेऊन नगर भूमापन किंवा तलाठ्याकडे फेरफाराला (मालकाचं नाव बदलायला) टाका. महापालिकेच्या कर नोंदीत आणि वीज मीटरवर नाव बदलून घ्या. हे तीन अर्ज वेगवेगळे आहेत, एकाने दुसरा होत नाही. एजंट म्हणेल मी करून देतो, तर पोच मिळेपर्यंत दलालीतले थोडे पैसे मागे ठेवा.