आधी ग्रुप वाचा, मग पाना उचला

नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये शिकलेल्या स्वप्नील कुसळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलीमीटर असतो. इतक्या बारीक खेळात रायफल भरकटायला लागली की हात आधी स्क्रूकडे जातो. माझं म्हणणं, आधी टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, म्हणजे ग्रुप, नीट बघा.

भोकं उभ्या रेषेत पसरली असतील तर पहिला संशय काडतुसांवर घ्यावा. या प्रकारातल्या पॉइंट टू टू (.22) कॅलिबरच्या रायफलची गोळी सेकंदाला सुमारे 320 मीटर वेगाने निघते आणि 50 मीटर जायला तिला साधारण 0.16 सेकंद लागतात. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला बारा-साडेबारा सेंटीमीटर खाली ओढतं. वेग फक्त एक टक्क्याने कमी झाला तरी गोळी अडीच मिलीमीटर खाली लागते, म्हणजे दहाच्या कडेला बसणारी गोळी नऊमध्ये जायला पुरेसं. म्हणूनच जाणकार नेमबाज रायफल घट्ट पकडीत बसवून काडतुसांचे वेगवेगळे लॉट, म्हणजे एकत्र बनलेल्या काडतुसांच्या खेपा, तपासतात. एका बॅरलला (नळीला) मानवलेला लॉट दुसऱ्या बॅरलला मानवेलच असं नाही.

आडवा पसारा बहुधा वाऱ्यामुळे होतो, पण तिरप्या धरलेल्या रायफलकडे दुर्लक्ष होतं. झिरो करताना, म्हणजे नेम धरायची साइट गोळी लागते त्या जागेशी जुळवताना, होती त्यापेक्षा रायफल 5 अंश कलली, तर गोळी जवळजवळ 11 मिलीमीटर बाजूला जाते! वारा शून्य असला तरी.

ग्रुप कधी इथे, कधी तिथे बसत असेल तर मात्र पाना हवाच. साइट हलते का, बॅरलची पकड आणि स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू ढिले आहेत का, हे बघावं. लाकडी स्टॉक असेल तर नाशिकच्या पावसाळ्यात तो ओल धरून फुगतो आणि बॅरलवरचा दाब बदलतो. थंडीत, पारा दहाच्या खाली गेला की गोळीवरचं मेण कडक होतं, त्याचाही परिणाम दिसू शकतो. बॅरल नुकतीच साफ केली असेल तर पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत.

सगळ्यात मोठी फसगत तीन गोळ्यांच्या ग्रुपमुळे होते. त्याच रायफलने, त्याच हाताने दहा गोळ्या झाडल्या तर ग्रुप सरासरी दीडपटीहून थोडा मोठा येतो. ते निव्वळ संभाव्यतेचं गणित आहे. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि आधी-नंतरची तुलना दहा-दहा गोळ्यांच्या दोन-तीन ग्रुपवरच करा.