कान आपले, गाणं देवमाशाचं

फिन देवमाशाचा आवाज मुळात जसा आहे तसा वाजवला, तर खोलीत काही घडल्यासारखं वाटतच नाही. तो २० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला साधारण २० कंपनं. माणसाचा कान जेमतेम तिथून ऐकायला सुरुवात करतो आणि घरातले बहुतेक स्पीकर तर तेवढ्या खाली उतरतच नाहीत. तेच ध्वनिमुद्रण दहापट वेगानं पळवलं की मग कुठे दारावर कुणी एका तालात ठोकतंय असं ऐकू येतं. इंटरनेटवर निळ्या किंवा फिन देवमाशांची ‘गूढ गाणी’ म्हणून जे फिरतं, ते बरंचसं असं पळवलेलं असतं. त्यामुळे त्यातलं थोडं गूढ आपणच घातलेलं आहे, हे आधी मान्य करून टाकू.

हा ठोका पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा तो कुणा प्राण्याचा असेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. शीतयुद्धाचा काळ. शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढायला समुद्राच्या तळाशी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, बसवलेले. त्यांत इतका नियमित आवाज येऊ लागला की एखादं यंत्रच चालू असावं अशी शंका घेतली गेली. हा आवाज फिन देवमाशांचा आहे, हे १९६४ साली छापून आलं. ते दाखवणाऱ्यांत विल्यम वॉटकिन्स हे अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे संशोधक होते.

पुढे त्याच वॉटकिन्स यांच्या वाट्याला सगळ्यात प्रसिद्ध विचित्र आवाज आला. १९८९ मध्ये उत्तर पॅसिफिकमधल्या नौदलाच्या हायड्रोफोनवर एक हाक उमटली. घाट निळ्या देवमाशाच्या हाकेसारखा, पट्टी मात्र ५२ हर्ट्झ. त्या भागातले निळे देवमासे १०-२० हर्ट्झच्या घरात गातात, फिन २० च्या आसपास. वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी बारा वर्षं ही हाक ऐकत त्या प्राण्याच्या प्रवासाचा माग काढला. २००४ मध्ये शोधनिबंध आला आणि त्याच वर्षी वॉटकिन्स वारले. निबंधात होती वारंवारता, तारखा आणि नकाशावरच्या वाटा. वर्तमानपत्रांनी त्यातून ‘जगातला सर्वांत एकाकी देवमासा’ काढला: बिचारा हाका मारतो, पण त्या कुणाला ऐकूच जात नाहीत.

हे काही पटत नाही. निळे देवमासे चरण्याच्या जागी आणखी एक आवाज काढतात. तो ९० हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन घसरत घसरत ३० च्या जवळ येतो, म्हणजे वाटेत ५२ ओलांडूनच जातो. जो आवाज ते स्वतः काढतात, तो त्यांना ऐकू येत नसेल असं मानायला काही आधार नाही. या प्राण्याचं गाणं इतरांना वेगळं वाटत असेल, पण ऐकू नक्कीच जात असणार.

मग तो असा का गातो? एक तर्क संकराचा आहे. निळा आणि फिन देवमासा यांचं मीलन होतं. आइसलँडमध्ये २०१८ साली मारलेला एक देवमासा डीएनए तपासणीत असाच मिश्र निघाला होता. दुसरा तर्क जन्मजात व्यंगाचा, तिसरा बहिरेपणाचा. मला पहिले दोन जास्त पटतात, कारण देवमाशाचा गळा कसा चालतो हे अलीकडे बरंच उलगडलं आहे.

डॉल्फिन आणि इतर दातवाले देवमासे नाकाच्या मार्गातून आवाज काढतात. निळा, फिन, हंपबॅक, मिंकी हे दात नसलेले, तोंडात गाळणी असलेले देवमासे मात्र स्वरयंत्रच वापरतात. २०२४ मध्ये डेन्मार्कमधले संशोधक कोएन एलेमान्स यांच्या गटानं किनाऱ्याला लागून मेलेल्या सेई, मिंकी आणि हंपबॅक देवमाशांची स्वरयंत्रं प्रयोगशाळेत नेली आणि त्यांतून हवा फुंकली. आत इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा एक कडक भाग असतो. तो समोरच्या चरबीच्या जाड उशीवर टेकतो आणि मधून हवा गेली की उशी थरथरते. आपल्या स्वरतंतूंसारखी रचना इथे नाही. ही उशी जाडीला किंवा ताठपणाला थोडी वेगळी असेल, तर पट्टी बदलणारच. माणसांत कुणाचा आवाज घोगरा, कुणाचा चिरका असतो, त्याचंच हे अवाढव्य रूप.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. या पद्धतीनं फार तर ३०० हर्ट्झपर्यंतचा आवाज काढता येतो, आणि तोही सुमारे १०० मीटर खोलीपर्यंतच, असं त्यांचं गणित सांगतं. जहाजांच्या इंजिनांचा आणि पंख्यांचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात आणि याच खोलीत असतो. पट्टी फार वर चढवून किंवा खोल जाऊन गायची सोय या जनावरांकडे नाही.

आता ५२ हर्ट्झकडे परत येऊ, कारण ती हाक ५२ वर थांबली नाही. वर्षं गेली तशी ती खाली सरकत ५० च्याही खाली आली. इतर निळ्या देवमाशांचंही तेच चाललं आहे! कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या निळ्या देवमाशांच्या गाण्याची पट्टी १९६० च्या दशकापासून ३१ टक्क्यांनी उतरल्याचं २००९ मध्ये दाखवलं गेलं. वेगवेगळ्या महासागरांत त्यांची गाणी वेगवेगळी आहेत, तरी घसरण सगळीकडे दिसते.

जहाजांच्या गोंगाटावर बोट ठेवावं, तर त्याला चुकवायला पट्टी वर जायला हवी होती, ही खाली आली आहे. २००९ च्या त्या अभ्यासकांना जास्त संभाव्य वाटलं ते कारण असं: शिकारीनं देवमासे विरळ झाले तेव्हा लांब ऐकू जायला जोरात गावं लागे, आणि जोर लावला की पट्टी चढते. शिकार थांबली, संख्या सावरू लागली, ऐकणारे जवळ आले, तशी ओरडण्याची गरज कमी झाली. ऐकायला छान आहे. पण सगळ्याच समुद्रांत संख्या सारख्या वेगानं सावरलेली नाही, त्यामुळे एवढ्यावर भागत नाही. नर एकमेकांचं ऐकून आपली पट्टी जुळवत असतील, हाही भाग असावा.

ऐकून गाणं बदलतं, याचा ठाम पुरावा हंपबॅकनी दिलेला आहे. त्यांच्यात नरच गातात आणि एका भागातले सगळे नर जवळपास एकच गाणं म्हणतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ध्वनिमुद्रित केलेल्या ८२ गायकांपैकी दोघं भलतंच गात होते. ते गाणं होतं पश्चिम किनाऱ्यावरच्या हंपबॅकचं. त्या वर्षी कुणी ऐकलं असतं तर दोघांना ‘बिघडलेले’ ठरवून मोकळं झालं असतं. १९९८ पर्यंत पूर्वेच्या सगळ्यांनी जुनं गाणं टाकून तेच उचललं. पुढच्या अभ्यासांत अशी गाणी दक्षिण पॅसिफिकमधून बेटामागून बेट पूर्वेकडे सरकतानाही सापडली.

बाकीची काही गूढं तर केवळ गायक न दिसल्यामुळे गूढ राहिली. दक्षिण महासागरात पाणबुड्यांवरचे लोक १९६० च्या दशकापासून बदकासारखं ‘क्वॅक’ ऐकत होते. २०१३ मध्ये अंटार्क्टिकाजवळ दोन मिंकी देवमाशांच्या पाठीवर ध्वनिमुद्रक चिकटवले, आणि पुढच्या वर्षी बदक कोण ते जाहीर झालं. मारियाना गर्तेजवळ २०१४ मध्ये धातूची तार छेडल्यासारखा साडेतीन सेकंदांचा आवाज मिळाला होता. तो ब्राइड देवमाशाचा निघाला, पण ते छापून यायला २०२४ उजाडलं.

उलटंही घडलं आहे. चोरून होणारे अणुस्फोट कळावेत म्हणून हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहापैकी दिएगो गार्सिया बेटाजवळ हायड्रोफोन लावलेले आहेत. त्यांच्या जवळपास दोन दशकांच्या नोंदी संशोधकांनी पिंजून काढल्या. एक गाणं वर्षानुवर्षं येत होतं आणि ते कुठल्याच माहितीतल्या देवमाशाशी जुळत नव्हतं. २०२१ मध्ये त्यावरून हिंदी महासागरात बुटक्या निळ्या देवमाशांचा एक नवा समूह असल्याचं मांडलं गेलं, एकही देवमासा न बघता. चागोस द्वीपसमूहावरून त्या गाण्याला नाव दिलं गेलं आहे.