खडकी वसवणारा हबशी आणि त्याच्या देशाची नावे

छत्रपती संभाजीनगरला किती नावे लागली, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. आधी अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी पेशवा मलिक अंबर याने वसवलेली खडकी, मग त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, दिलेले फतेहनगर, १६५३ नंतर औरंगाबाद आणि २०२३पासून आजचे नाव. नावावरून एवढा खल करणाऱ्या गावाने ते वसवणाऱ्या माणसाच्या देशाचे नाव मात्र कधी नीट विचारले नाही. 'हबशी' म्हटले की आपले काम भागते.

मागे एकदा भाच्याला घेऊन रिक्षाने भडकल दरवाज्याजवळून जात होतो. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने १६१२मध्ये बांधलेला दरवाजा तो. मी हौसेने माहिती सांगू लागलो, तर भाच्याने मधेच विचारले, "मामा, हबशी म्हंजे कुठला?" मी तोंड उघडायच्या आत रिक्षावाला म्हणाला, "काळा असतो तो." प्रश्न गावाचा होता, उत्तर रंगाचे आले. पोरगा सातवीत आहे. नकाशावर इथिओपिया दाखवतो, अदिस अबाबाही सांगतो. पण इतिहासाच्या पुस्तकातला हबशी आणि भूगोलाच्या पुस्तकातला इथिओपिया एकाच जागचे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

'हबश' हे नाव आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आले. लाल समुद्राच्या पलीकडच्या डोंगराळ मुलखाला अरब 'अल्-हबश' किंवा 'हबशा' म्हणत. मक्केत छळ सुरू झाल्यावर प्रेषितांच्या काही अनुयायांनी सुमारे इ. स. ६१५मध्ये याच हबशात, तिथल्या ख्रिस्ती राजाकडे आसरा घेतला होता. पहिली अजान देणारे हजरत बिलालही 'हबशी' म्हणूनच ओळखले जातात. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत म्हणूनच हा शब्द आदराने घेतला जातो. तोच शब्द शेजारच्या गल्लीत पोरे एकमेकांना रंगावरून चिडवायला वापरतात.

आता इथिओपिया. हे नाव ग्रीकांचे. 'ऐथिओप्स' म्हणजे उन्हाने करपलेल्या चेहऱ्याचा. होमरच्या काव्यातही हे लोक येतात. पण ग्रीकांना हा शब्द वापरताना इजिप्तच्या दक्षिणेचा मुलूख अभिप्रेत असे, म्हणजे मुख्यतः आजचे सुदान. हिब्रू बायबलात याच भागाला 'कूश' म्हटले आहे, आणि ग्रीक भाषांतरात 'कूश'च्या जागी 'ऐथिओपिया' आले. (रामाच्या कुशाशी याचा काही संबंध नाही. कंपनीच्या फौजेतल्या विल्फर्ड या अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पुराणातले कुशद्वीप आफ्रिकेत नेऊन बसवले होते. पुढे कळले की साहेबाला हवे ते सापडावे म्हणून त्याच्या पंडिताने पोथ्यांतच भर घातली होती.)

हबश आणि इथिओपिया ही दोन्ही नावे एका दगडावर भेटतात. चौथ्या शतकात आजच्या इथिओपियाच्या उत्तरेतल्या अक्सूम राज्याचा राजा एझाना याने आपल्या पराक्रमाचे शिलालेख ग्रीकमध्ये आणि तिथल्या गीझ भाषेत कोरवले. गीझमध्ये जिथे 'हबशत' आहे, तिथे ग्रीकमध्ये 'ऐथिओप' लिहिले आहे. सुदानकडचे नाव अक्सूमवाल्यांनी असे आपल्याकडे ओढून घेतले. पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांत इथिओपियाचा उल्लेख सापडू लागला, तेव्हा त्या नावाला पावित्र्यही आले. परक्याने चेहऱ्याच्या रंगावरून ठेवलेले नाव त्या राजांनी अभिमानाने मिरवले आणि आजही देश तेच लावतो.

युरोपीयांनी मात्र अरबांचा 'हबश' उचलला. त्यांच्या जिभेवर 'ह' टिकला नाही आणि 'अबिसिनिया' तयार झाले. मुसोलिनीच्या फौजा १९३५मध्ये तिथे घुसल्या, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांत गाजले ते अबिसिनियाचे प्रकरण. खरे तर १९३१च्या राज्यघटनेत सम्राट हैले सेलासी यांनी देशाचे नाव इथिओपियाच लिहिले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अबिसिनिया हळूहळू मागे पडले. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ते अजून भेटते आणि वाचणाऱ्याला तो तिसराच देश वाटतो.

मराठीतही एक हबसाण होते, पण कोकणात. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखाला हबसाण म्हणत. म्हणजे आफ्रिकेतल्या देशाचे नाव रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन बसले होते! 'जंजिरा' हा अरबी 'जझीरा'चा, म्हणजे बेटाचा, मराठी अवतार. 'सिद्दी'चे मूळ बहुतेक जण 'सय्यिदी', माझे स्वामी, या अरबी शब्दात शोधतात. मराठे कागदोपत्री त्याला 'शामल' लिहीत. शामल म्हणजे सावळा, काळसर. ग्रीकांनी जे केले तेच आपणही केले, फक्त त्यांच्या शब्दाचा देश झाला.

मलिक अंबरची गोष्ट याहून अवघड. त्याचा जन्म सुमारे १५४८चा, इथिओपियाच्या दक्षिण भागातला. १६१७मध्ये त्याला भेटलेल्या व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने त्याचे मूळ नाव 'चापू' असे नोंदवले आहे. 'अंबर' हे नाव त्याला बगदादच्या मालकाने दिले. आपल्याला अंबर म्हटले की आकाश आठवते. अरबीत 'अंबर' म्हणजे समुद्रातून मिळणारे सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी मौल्यवान वस्तूंची नावे ठेवण्याची रीत होती. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, त्यातलाच हा अंबर.

त्याच्या देशात 'हबेशा' म्हणवून घेतात ते मुख्यतः उत्तरेच्या पठारावरचे, अम्हारिक आणि तिग्रिन्या बोलणारे लोक. दक्षिणेतले ओरोमो आणि इतर समाज हे नाव सहसा लावत नाहीत. गुलामांचे व्यापारी माणसे पकडून आणत ती बरीचशी याच दक्षिणेकडची, आणि बाजारात उभी करताना सगळ्यांना एकच शिक्का मारत, हबशी. तेव्हा निजामशाहीचा पेशवा झालेला, मालोजी-शहाजींच्या काळात मुघलांना झुंजवणारा, ज्याच्या नावाने जमीनधाऱ्याची 'मलिकंबरी' पद्धत चालली, तो चापू लहानपणी स्वतःला हबेशा म्हणत असेल, असे मला वाटत नाही. ते नाव त्याला बहुधा बाजाराने दिले.

निजामाच्या राजवटीतही हा शब्द नव्या वेषात होताच. हैदराबादेत 'ए. सी. गार्ड्स' नावाची वस्ती आहे. इथून नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना ते वातानुकूलित यंत्रांशी संबंधित काही वाटते. तो आहे 'आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड', निजामाचे हबशी घोडदळ. बिदरला तर हबशी सरदारांच्या कबरींची टेकडीच 'हबशी कोट' म्हणून ओळखली जाते.

मलिक अंबर १६२६मध्ये वारला. खुलदाबादला त्याची घुमटाची कबर आहे. भाच्याला तिथे नेले तेव्हा त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग ते लोक आपल्याला काय म्हणतात?" अम्हारिकमध्ये भारताला 'हिंद' म्हणतात. म्हणजे तिकडेही आपले नाव पोचले ते अरबांच्याच तोंडून.