सांगलीचं खातं, नवी मुंबईचा सर्व्हर

मार्केट यार्डातला अडत्या हळदीच्या पट्टीचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर टाकतो. दोघंही सांगली जिल्ह्यातले, बँकही बऱ्याचदा इथलीच. नोंद मात्र नवी मुंबईतल्या नाहीतर अशाच लांबच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे सर्व्हर (हिशेब सांभाळणारे मुख्य संगणक) ठेवण्यासाठीच उभारलेल्या केंद्रात होते. सर्व्हर गाव सोडून गेला त्यामागे तंत्रज्ञान आहे, तसं पाणीही आहे.

1984 साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. त्यानंतर शाखांमध्ये खातेवहीच्या नोंदी करणारं लेजर पोस्टिंग मशीन आलं आणि नव्वदच्या दशकात शाखेचा स्वतःचा सर्व्हर. जिन्याखालची खोली, काचेचं दार, खिडकीतला एसी आणि बाहेर ‘चपला काढून आत या’. धुळीची भीती रास्तच, पण खरा त्रास वायरचा. काळी कोॲक्सिअल केबल एका संगणकावरून दुसऱ्यावर जायची, मध्ये तीन तोंडांचा टी-कनेक्टर, दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाची टोपणं. झाडू लागून एक सांधा ढिला झाला की अख्खी शाखा बंद. मग कुणीतरी टेबलाखाली शिरून एकेक सांधा हलवून बघायचं, आणि काउंटरवर रांग.

यावरचा तोडगा टेलिफोनवाल्यांकडे आधीपासून होता. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक फोनची तारांची जोडी स्वतंत्र येते, एका फ्रेमवर बसते आणि तिथून जम्परने, म्हणजे छोट्या तारेने जोडली जाते. 1991 साली अमेरिकेत इमारतींच्या केबलिंगचं 568 हे मानक आलं, त्यात हाच विचार: प्रत्येक टेबलाची केबल थेट रॅकपर्यंत, म्हणजे उपकरणं बसवायच्या सांगाड्यापर्यंत; पक्की केबल जास्तीत जास्त 90 मीटर, टोकांच्या सुट्या वायरी (पॅच कॉर्ड) धरून 100. आज सर्व्हर ज्यात बसतात तो 19 इंची रॅकही टेलिफोन एक्स्चेंजमधूनच आलेला. दोन्ही टोकांना लेबल लावणं ही या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट. जुना रॅक उघडा, निळ्या केबलींचा गुंता दिसेल; त्यातली एक उपसायची कुणाची छाती होत नाही.

उष्णतेचं गणित उशिरा सुटलं. रॅक समोरासमोर लावून थंड आणि गरम हवेच्या गल्ल्या वेगळ्या करायची पद्धत 1992च्या सुमारास आयबीएममध्ये निघाली. 2008 साली ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने सर्व्हरला 27 अंशांपर्यंतची हवा चालते असं सांगितलं. आपल्याकडे तरीही एसी 18वर ठेवून आत स्वेटर घालून बसणारे कमी नव्हते.

एप्रिल 2005मध्ये डेटा सेंटरसाठीचं टीआयए-942 हे अमेरिकन मानक निघालं. पूरक्षेत्रापासून जागा किती लांब हवी, हेही त्यात आहे. त्याच पावसाळ्यात कृष्णा सांगलीत शिरली. 2019 साली तर आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. मारुती चौक, गावभाग, हरभट रोड पाण्याखाली. जिन्याखालच्या खोलीला अशा वेळी काचेचं दार काय वाचवणार?

तोवर कोअर बँकिंगने हिशेब शाखेतून उचलून एका ठिकाणी नेले होतेच. असं केंद्र स्वतः उभारायचं तर विजेचे दोन स्वतंत्र मार्ग, दोन यूपीएस, डिझेल जनरेटर आणि चोवीस तास माणसं हवीत. अशा केंद्राचा ‘टिअर 3’ दर्जा म्हणजे देखभालीसाठी कुठलंही एक यंत्र बंद केलं तरी सर्व्हर चालू राहणं. शिवाय पहिलं बंद पडलं तर काम चालवायला दुसरं केंद्र लांब, शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मध्यम आकाराच्या सहकारी बँकेला हा खर्च झेपत नाही, म्हणून रॅक भाड्याने घेणं आलं. त्यात समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबली मुंबईला उतरतात, त्यामुळे मोठी केंद्रं त्याच पट्ट्यात वाढली. एप्रिल 2018मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा आदेश काढला, आणि देशातल्या जागेची मागणी आणखी चढली.

शाखेत आता उरलाय भिंतीवर उंच ठोकलेला छोटा रॅक: राउटर, स्विच, फायबरचा डबा. दुखणंही तसंच रस्त्यावर गेलंय. बँक दोन कंपन्यांच्या लाइन घेते, पण बऱ्याचदा दोन्ही फायबर एकाच चरातून गेलेल्या असतात आणि रुंदीकरणाच्या कामावरचा जेसीबी दोन्ही एकदमच तोडतो. म्हणून जाणकार आयटीवाला दुसरी लाइन घेताना दराआधी रूटचा नकाशा मागतो. तो सहजासहजी मिळत नाही.