टॅबलेटची दोन घराणी

टॅबलेट निवडताना स्क्रीन, प्रोसेसर आणि बॅटरीचे आकडे शेजारी शेजारी मांडले जातात. वर्गात किंवा कामावर घोडं अडतं ते मात्र बहुधा सॉफ्टवेअरपाशी. याचं मूळ जुनं आहे : आजचे टॅबलेट दोन वेगळ्या घराण्यांतून आले.

कल्पना मुळात मुलांसाठीच होती. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या अ‍ॅलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ मांडलं. वहीएवढा संगणक, ज्यावर मुलं वाचतील आणि स्वतः प्रोग्रामही लिहितील. त्या रूपात तो कधी बनला नाही.

पहिलं घराणं पीसीचं. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची टॅबलेट आवृत्ती आणली. बहुतेक यंत्रांच्या स्क्रीनला फक्त खास पेन कळायचं, त्यामुळे हात टेकवून निवांत लिहिता येई. समीकरणं सोडवून दाखवणाऱ्या शिक्षकाला आणखी काय हवं? पण यंत्रं जड, महाग, आणि मेनू माउसच्या हिशेबाने आखलेले.

दुसरं घराणं फोनचं. २०१० चा आयपॅड हलका, लगेच सुरू होणारा, बोटाने चालणारा. पेन नाही, फायली उघड दिसत नाहीत, एका वेळी एकच अ‍ॅप समोर. आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी स्टायलसची खिल्ली उडवली होती. अ‍ॅपलचं स्वतःचं पेन यायला २०१५ साल लागलं. तोवर सॅमसंगने पेनवाले टॅबलेट विकायला काढले होते. अँड्रॉइडची टॅबलेटसाठीची आवृत्ती तर २०११ मध्येच आली होती, पण मोठ्या पडद्याचा विचार करून लिहिलेली अ‍ॅप्स कमीच निघाली.

फोनच्या घराण्याचं एक गृहीतक शाळांना फार नडलं : यंत्र एकाच मालकाचं. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळांनी विद्यार्थ्यांना आयपॅड वाटायला घेतले. यंत्र हातात तोच मालक, त्यामुळे काही आठवड्यांतच मुलांनी शाळेने घातलेल्या निर्बंधांची सेटिंग्ज काढून टाकली (मुलंच ती!) आणि पुढच्या वर्षी खरेदीचा करार थांबला. एकच आयपॅड अनेक विद्यार्थ्यांना आपापल्या खात्याने वापरण्याची सोय २०१६ मध्ये आली, तीही तेव्हा शाळांपुरती.

उलट दिशेची चूक मायक्रोसॉफ्टने केली. २०१२ चा सरफेस आरटी हा टॅबलेट दिसायला विंडोज, पण जुने प्रोग्राम त्यावर चालत नसत. पुढच्या वर्षी कंपनीने ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात घेतला.

हार्डवेअरचं अंतर त्यानंतर झपाट्याने मिटलं. २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये अ‍ॅपलच्या मॅकबुक लॅपटॉपचीच एम१ चिप बसली. तरी मॅकचे प्रोग्राम त्यावर चालत नाहीत, आणि साध्या आयपॅडवरही खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करून मांडायला २०२५ उजाडलं.