हार्ड डिस्कमधील बिघाडाचे निदान (लिनक्स)

लिनक्स परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकातील हार्ड डिस्क निकामी होऊ लागल्याची लक्षणे ओळखणे, दोष डिस्कचाच आहे की केबल, वीजपुरवठा वा नियंत्रकाचा (डिस्क व संगणक यांच्यातील देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाचा) आहे हे ठरवणे आणि डिस्क पूर्णपणे बंद पडण्यापूर्वी तिच्यावरील डेटा काढून घेणे, या कामांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. विवेचन मुख्यतः फिरत्या चुंबकीय चकत्यांच्या डिस्कविषयी आहे.

स्वरूप व लक्षणे : हार्ड डिस्कचे वाचन-लेखन शीर्ष चकतीच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. धक्का, आत शिरलेला धूलिकण किंवा बेअरिंगची झीज यांपैकी कशानेही हे अंतर बिघडले, की शीर्ष पृष्ठभागाला घासते आणि तेथील चुंबकीय लेप खरवडला जातो. सुटलेले कण आतच फिरत राहिल्याने एका जागेचा दोष पसरू शकतो. वाचता न येणाऱ्या सेक्टरांची (डेटा साठवण्याच्या लहानात लहान कप्प्यांची) संख्या दिवसागणिक वाढत असेल, तर ती डिस्क बहुधा याच प्रकारातली समजावी. याउलट लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेल्याने अर्धवट राहिलेला सेक्टरही वाचता येत नाही. मात्र त्याच्या पृष्ठभागात दोष नसतो आणि त्यावर नव्याने लिहिले की तो पूर्ववत होतो. फाइल उघडत नाही एवढेच वापरणाऱ्याला दोन्ही वेळी दिसते. निदानातील पुष्कळसे कष्ट या दोन अवस्था एकमेकींपासून वेगळ्या काढण्यात जातात.

लिनक्समध्ये पहिले चिन्ह बहुधा संगणक मध्येच थिजल्यासारखा होणे हे असते. केर्नलमधील (परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील) स्कझी थर, म्हणजे डिस्कशी संवाद साधणारा भाग, डिस्ककडे पाठवलेल्या प्रत्येक आज्ञेच्या उत्तराची सर्वसाधारणपणे ३० सेकंद वाट पाहतो आणि त्यानंतर जोडणी पुन्हा प्रस्थापित करण्याचा प्रयत्न करतो, असे त्याचे कारण आहे. दुसरे चिन्ह म्हणजे फाइल प्रणाली एकाएकी केवळ वाचनापुरती उरणे; एक्स्ट-४ या लिनक्सच्या रूढ फाइल प्रणालीत त्रुटी आढळताच लेखन थांबवण्याचा पर्याय अनेक वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) मूळ विभागासाठी आधीच निवडलेला असतो. हा डिस्कचा दोष नसून उरलेला डेटा वाचवण्यासाठी केलेली तजवीज आहे, म्हणून लेखन पुन्हा सुरू करण्याची घाई करणे इष्ट नाही. ठरावीक अंतराने होणारा टक-टक आवाज हे शीर्षाला जागा सापडत नसल्याचे लक्षण असून, तो ऐकू आल्यावर संगणकीय निदानाला फारसा अर्थ उरत नाही.

स्वनिरीक्षण पद्धतीचा उगम : आजचे निदान ज्या ‘स्मार्ट’ पद्धतीवर उभे आहे, तिचे जनकत्व कोणाकडे द्यावे याविषयी लिखाणांत एकवाक्यता नाही. आयबीएमने १९९२ मध्ये एएस/४०० सर्व्हरसाठीच्या ९३३७ डिस्क-संचात बिघाडाचे भाकीत करणारी यंत्रणा दिली. शीर्षाची तरंगण्याची उंची व तत्सम राशी डिस्क स्वतःच मोजत असे, त्यांचे मूल्यमापनही डिस्कमध्येच होई आणि यजमान संगणकाला ‘ठीक’ किंवा ‘लवकरच निकामी होण्याचा संभव’ एवढाच निष्कर्ष कळत असे. त्यानंतर कॉम्पॅकने सीगेट, क्वांटम व कॉनर या उत्पादकांच्या सहकार्याने ‘इंटेलिसेफ’ ही पद्धती विकसित केली. तिच्यात मोजमापे डिस्कबाहेर संगणकाला दिली जात. कोणत्या राशी मोजायच्या आणि त्यांची धोक्याची मर्यादा कोणती मानायची, हे मात्र उत्पादकावर सोडलेले होते. कॉम्पॅकने १९९५ च्या आरंभी हा आराखडा स्मॉल फॉर्म फॅक्टर समितीपुढे मानकीकरणासाठी ठेवला. आयबीएम व वेस्टर्न डिजिटल यांच्यासह प्रमुख उत्पादकांनी त्याला पाठिंबा दिला आणि त्यातून निघालेल्या संयुक्त पद्धतीला ‘सेल्फ-मॉनिटरिंग, अ‍ॅनालिसिस अँड रिपोर्टिंग टेक्नॉलॉजी’, संक्षेपाने स्मार्ट, हे नाव मिळाले.

काही लेखक स्मार्टला आयबीएमच्या यंत्रणेची थेट वंशज मानतात, तर काही सर्व श्रेय कॉम्पॅकला देतात. भाकिताची कल्पना आयबीएमची आणि माहितीच्या देवाणघेवाणीचे रूप कॉम्पॅकचे, हे मत उपलब्ध तपशिलांशी अधिक जुळते. प्रत्यक्षातील स्मार्टमध्ये आयबीएमचा दुहेरी निष्कर्ष आणि इंटेलिसेफची मोजमापांची सारणी असे दोन्ही अंश शेजारी-शेजारी टिकून राहिलेले दिसतात. उत्पादकांना दिलेली मोकळीक पुढे डोकेदुखी ठरली. गुणधर्मांच्या (डिस्क मोजत असलेल्या राशींच्या) सारणीला एटीए या डिस्क-जोडणीच्या मानकात बंधनकारक स्थान टिकले नाही, त्यामुळे एकाच क्रमांकाच्या गुणधर्माचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो. त्रुटींची नोंदवही व डिस्कने स्वतः करावयाच्या चाचण्यांच्या आज्ञा या उपयुक्त गोष्टी मानकात एटीए-५ पासून आल्या.

लिनक्सपुरते पाहिल्यास, मायकेल कॉर्नवेल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत लिहिलेल्या स्मार्टसूट या संचावरून ब्रूस अ‍ॅलन यांनी २००२ मध्ये स्मार्टमॉनटूल्स हा संच तयार केला आणि तोच आज सर्वत्र रूढ आहे. अ‍ॅलन हे व्यवसायाने गुरुत्वीय तरंगांचे अभ्यासक आहेत; हिंगोली जिल्ह्यातील नियोजित लायगो-इंडिया प्रयोगशाळेचा विषय तोच. शेकडो डिस्क असलेल्या संगणक-समूहांवर गणिते करणाऱ्यांना अशा साधनाची गरज सर्वांआधी भासावी, यात नवल नाही.

मोजमापांचे वाचन : संचातील ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा डिस्कची सारणी दाखवते. प्रत्येक गुणधर्माला एक सामान्यीकृत मूल्य, आजवरचे नीचतम मूल्य, मर्यादा आणि कच्चे मूल्य असते. सामान्यीकृत मूल्य बहुधा १०० किंवा २०० पासून सुरू होऊन खाली उतरते आणि मर्यादेला टेकले की गुणधर्म अनुत्तीर्ण ठरतो. एकंदर निकाल याच तुलनेवर अवलंबून असल्याने तो फार उशिरा बदलतो. उदाहरणार्थ, १९७ क्रमांकाच्या गुणधर्माचे, म्हणजे निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांचे, कच्चे मूल्य ८, पाचव्या गुणधर्माचे, म्हणजे बदली दिलेल्या सेक्टरांचे, कच्चे मूल्य ०, दोन्हींचे सामान्यीकृत मूल्य १०० आणि वर ‘उत्तीर्ण’ असा शेरा, असे चित्र वारंवार आढळते. येथे डिस्कला काही जागा वाचता आलेल्या नाहीत. परंतु त्यांवर पुन्हा लेखन झाले नसल्याने त्या खरोखर खराब आहेत की नाहीत, हे तिला अद्याप ठरवता आलेले नाही. डिस्कचे भौतिक सेक्टर ४,०९६ बाइटचे आणि संगणकाला दाखवलेले ५१२ बाइटचे असतील, तर आठ हा आकडा भौतिकदृष्ट्या एकाच सेक्टराचाही असू शकतो, कारण एक मोठा सेक्टर गेला की आठ लहान सेक्टर एकदम वाचेनासे होतात. लेखनानंतर १९७ चा आकडा शून्यावर आला आणि पाचवा वाढला नाही, तर दोष तात्पुरता होता. पाचवा वाढला, तर पृष्ठभाग गेलेला आहे.

क्रमांक १९९ हा डिस्क व नियंत्रक यांच्यामधील प्रवासात झालेल्या त्रुटी मोजतो. तो वाढत असेल आणि ५, १९७ व १९८ (स्वतपासणीत वाचता न आलेले सेक्टर) स्थिर असतील, तर डिस्क बदलण्यापूर्वी केबल बदलून पाहावी. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला की नाही, एवढेच पाहायचे असते. पहिल्या (वाचन-त्रुटींचे प्रमाण) व सातव्या (शीर्ष जागेवर नेण्यातील त्रुटींचे प्रमाण) गुणधर्माची काही डिस्कमध्ये, विशेषतः सीगेटच्या डिस्कमध्ये, दिसणारी अब्जांतील कच्ची मूल्ये भीतिदायक वाटली तरी त्यांत त्रुटींबरोबर एकूण क्रियांची संख्याही एकत्र साठवलेली असते, असे मानले जाते.

भाकिताची विश्वसनीयता : या प्रश्नावर २००७ मध्ये एकाच परिषदेत दोन मोठे अभ्यास मांडले गेले. गूगलच्या पिन्हेरो, वेबर व बारोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कची आकडेवारी तपासली. पहिली तपासणी-त्रुटी (डिस्क स्वतः पृष्ठभाग तपासत असताना सापडलेली त्रुटी) आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव, अशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या मानाने ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. परंतु निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये तपासणी-त्रुटी, बदली दिलेले सेक्टर, स्वतपासणीत बदली दिलेले सेक्टर व प्रलंबित सेक्टर या चारही प्रमुख लक्षणांची एकही नोंद नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील श्रोडर व गिब्सन यांनी वार्षिक बदलीचे प्रमाण साधारणपणे २ ते ४ टक्के आढळल्याचे नोंदवले, तर उत्पादकांच्या माहितीपत्रकांवरून ते जास्तीत जास्त ०.८८ टक्के निघते. दोन्ही प्रमाणे एकाच मापाची नाहीत, कारण ग्राहकाने बदललेली डिस्क उत्पादकाच्या चाचणीत निर्दोषही ठरू शकते. तरीही स्मार्टने दिलेली वाईट बातमी खरी मानावी आणि चांगली बातमी पुराव्यात धरू नये, हा निष्कर्ष गूगलच्या आकड्यांतून निघतो.

निदानाचा क्रम : प्रथम केर्नलची नोंदवही पाहावी. तिच्यात डिस्कचे नाव व सेक्टर-क्रमांकासह वाचन-त्रुटी असेल आणि तोच क्रमांक पुन्हा पुन्हा येत असेल, तर संशय पृष्ठभागावर जातो. क्रमांक दर वेळी निराळा आणि सोबत जोडणी तुटल्याचे संदेश असतील, तर केबल व वीजपुरवठ्यावर. त्यानंतर सारणी पाहून डिस्कची स्वचाचणी घेता येते. लघु चाचणी दोनेक मिनिटांत संपते, विस्तृत चाचणी संपूर्ण पृष्ठभाग वाचते आणि मोठ्या डिस्कला तिच्यासाठी कित्येक तास लागतात. मात्र डेटाची दुसरी प्रत नसेल, तर मरणासन्न डिस्कला विस्तृत चाचणीला लावणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य चाचणीवर खर्च करणे होय. अशा वेळी क्रम उलटा करून आधी डेटा काढावा.

रेड रचनेतील (अनेक डिस्क एकत्र जोडून एकच डिस्क म्हणून वापरण्याच्या पद्धतीतील) डिस्कबाबत एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. घरगुती वापराच्या अनेक डिस्क वाचता न येणाऱ्या सेक्टरसाठी केर्नलच्या ३० सेकंदांहून अधिक काळ झगडत राहतात. परिणामी एका सेक्टरपायी अख्खी डिस्क रचनेबाहेर फेकली जाऊ शकते. डिस्कमध्ये सोय असल्यास त्रुटी-निवारणाची वेळ स्मार्टसीटीएलद्वारे ७ सेकंदांवर आणता येते, परंतु वीज गेल्यावर ही निवड बहुधा पुसली जाते आणि संगणक सुरू होताना ती दर वेळी पुन्हा करावी लागते. सोय नसल्यास केर्नलची मुदतच १८० सेकंदांपर्यंत वाढवण्याचा प्रघात आहे.

डेटा काढणे : यासाठी अँतोनियो दियास दियास यांचे ग्नू डीडीरेस्क्यू हे साधन प्रमाण मानले जाते. कुर्ट गारलॉफ यांचे डीडी_रेस्क्यू हे नामसाधर्म्यामुळे गोंधळ उडवणारे साधन त्याहून जुने व स्वतंत्र आहे. डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, अडचणीच्या जागा ओलांडून पुढे जाते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. कोणता भाग आला व कोणता राहिला, याची नोंद ते नकाशा-फाइलमध्ये ठेवते. डिस्क मध्येच बंद पडली, थंड होऊ दिली आणि पुन्हा जोडली, तरी काम थांबले तेथूनच सुरू होते. ही फाइल विसरणे ही नेहमीची चूक आहे. प्रत घ्यायची डिस्क तेवढ्याच वा अधिक क्षमतेची असावी आणि मूळ व लक्ष्य यांची नावे आज्ञेत उलट पडणार नाहीत, हे अनुक्रमांक जुळवून पाहावे. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात.

फाइल प्रणालीची दुरुस्ती करणारी एफएससीके ही आज्ञा मूळ डिस्कवर न चालवता मिळालेल्या प्रतीवरच चालवावी, कारण ती लिहिते, आणि अर्धवट वाचलेल्या माहितीवरून केलेले लेखन उरलेल्या फाइलही नष्ट करू शकते. बॅडब्लॉक्स आज्ञेचा लेखन-चाचणीचा पर्याय तर डिस्कवरील सर्वच पुसून टाकतो. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा लोकप्रिय उपाय जुन्या डिस्कवर कधीमधी लागू पडल्याच्या कथा आहेत. आत साठणाऱ्या दवामुळे त्याचा धोका लाभापेक्षा मोठा आहे. शीर्षच निकामी झाले असेल, तर स्वच्छ-कक्ष असलेल्या प्रयोगशाळेशिवाय मार्ग नसतो.

अर्धवाहक डिस्क : एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, शीर्ष व चकती नसल्याने वरीलपैकी अनेक लक्षणे लागू होत नाहीत; अशा डिस्क पूर्वसूचनेविना एकदम दिसेनाशा झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या एसएसडी प्रकारात शिल्लक राखीव जागा, वापरलेल्या आयुष्याची टक्केवारी व डेटा-अखंडतेच्या त्रुटी ही मोजमापे मानकानेच ठरवून दिलेली असल्याने उत्पादकागणिक अर्थ बदलण्याचा प्रश्न तेथे बराच कमी होतो. यूएसबी पेटीतील डिस्कची सारणी काही वेळा दिसत नाही. मधली चिप स्मार्टच्या आज्ञा पुढे पोहोचवत नाही, हे त्यामागचे कारण असते. स्मार्टसीटीएलला भाषांतराचा योग्य प्रकार सांगून, किंवा तेही न जमल्यास डिस्क थेट संगणकातील साटा या अंतर्गत जोडणीला लावून, ती वाचावी लागते.